कणीच्या नावाचा जीव

संग्रहालयाच्या मागच्या इमारतीत जिन्याखालून वळून गेलं की शेवटची खोली माइटबाईंची. हे नाव त्यांना कुणी ठेवलं ते आता कुणाला आठवत नाही. शेजारच्या खोलीत बाटल्यांमधले मासे सांभाळणारे गृहस्थ ते मासेवाले, वरच्या मजल्यावर शंखांच्या कपाटांत रमलेल्या त्या शिंपलेबाई, तशा या माइटबाई. माइट म्हणजे कोळ्याच्या कुळातला आठ पायांचा जीव, इतका बारीक की टाचणीच्या डोक्यावर चार-पाच जणी दाटीवाटीने बसतील. काही माइट झाडांच्या पानांवर राहतात, काही आपल्या उशांमध्ये, आणि काही समुद्रकाठच्या वाळूत, दोन कणांच्या मधल्या ओल्या फटीत सगळा जन्म काढतात. माइटबाईंचं आयुष्य या शेवटच्यांपायी गेलं होतं. तुम्ही लग्न का नाही केलं, असं कुणी आगाऊपणे विचारलंच तर त्यांच्याआधी मासेवालेच उत्तर देत, की बाईंची अजून वाळू चाळून व्हायची आहे.

त्या दिवशी त्यांच्या टेबलावर दूरच्या एका संग्रहालयातून मागवलेली स्लाइडची पेटी आली होती. वाळूतल्या माइटच्या एका मोठ्या गटाचा लेखाजोखा त्या नव्याने मांडत होत्या. निरनिराळ्या लोकांनी निरनिराळ्या किनाऱ्यांवर ज्या जाती शोधल्या म्हणून सांगितलं, त्यांतल्या खरोखर वेगळ्या कोणत्या आणि एकाच जिवाला दोघांनी दोनदा नाव दिलेल्या कोणत्या, हे निवडून काढायचं होतं.

पेटीतली एक स्लाइड फार जुनी होती. बोटीवर नोकरी करणाऱ्या कुणा डॉक्टराने हौस म्हणून वाळूतले जीव जमवले होते आणि त्यांतल्या एका माइटला नाव देऊन दीड पानाचा लेख छापला होता. लेखातलं चित्र असं, की बटाट्याला काड्या टोचाव्यात. त्यावरून काहीच ठरवता येईना, म्हणून आजवर सगळ्यांनी ते नाव बाजूला ठेवलं होतं. मूळ स्लाइड मागवून बघायची तसदी मात्र कुणी घेतली नव्हती. काचेखालचा डिंक पिवळा पडून तडकला होता. माइटबाईंनी स्लाइड कोमट पाण्यात भिजत घातली, आतला जीव अलगद सोडवला, आम्लाच्या थेंबात ठेवून स्वच्छ केला आणि नव्या काचेवर बसवला. मग मायक्रोस्कोपला डोळे लावले.

हा जीव त्यांच्या ओळखीचा होता. त्याच्या पाठीवरच्या ढाली, तोंडाचे चिमटे, केसांच्या रांगा, सगळं त्यांनी शिकत असताना स्वतःच्या हाताने कागदावर उतरवलं होतं. ज्यांच्याकडे त्या हे काम शिकल्या त्या सरांसाठी. त्या चित्राखाली जे नाव छापलं गेलं ते होतं कणिए.

कणी ही सरांची मुलगी. दिवस भरायच्या आधीच जन्मली, जन्मली तेव्हा ओंजळीत मावेल एवढी होती, म्हणून कणी. शाळेत घातलेलं लांबलचक नाव तिच्या वर्गाच्या बाईंखेरीज कुणी वापरलं नाही. तिच्या हृदयाला जन्मापासून छिद्र होतं. धावायचं नाही, दमायचं नाही, असा डॉक्टरांचा दंडक. म्हणून सुट्टीच्या दिवशी सर तिला आपल्याबरोबर किनाऱ्यावर आणत आणि छत्रीखाली मांडीवर चाळणी देऊन बसवत. माइटबाई तेव्हा सरांच्या हाताखाली नुकत्याच आल्या होत्या आणि सरांना भयंकर घाबरून असत. चाळणी हलवता हलवता कणीच्या तोंडाचा पट्टा चालू असे, आणि त्या घाबरट विद्यार्थिनीला तिचाच काय तो आधार वाटे. ती माइट निघाली तीही कणीच्या चाळणीतल्या वाळूत. अशी जात कुणीच नोंदलेली नाही हे सरांनी हाताशी होती ती सगळी पुस्तकं धुंडाळून ठरवलं, लेख लिहिला, आणि तिला ‘लांब केसाची’ अशा अर्थाचं एक लॅटिन नाव दिलं, कारण तिच्या तिसऱ्या पायाच्या गुडघ्यावर एक लांब केस होता.

लेख छापखान्यात असताना कणी गेली. साधा ताप आला, तो छातीत उतरला, आणि तिसरीचं वर्ष पुरं व्हायच्या आत सगळं संपलं. त्यानंतर सर घराबाहेर पडले ते थेट छापखान्यात. तपासायला काढलेल्या कागदावरचं नाव त्यांनी खोडलं आणि वर लिहिलं, कणिए. शेवटच्या त्या ‘ए’चा लॅटिनमधला अर्थ ‘ची’. कणीची. नाव का बदललं ते त्यांनी कुणाला सांगितलं नाही, कुणी विचारलंही नाही.

आता नियम असा आहे, की एकाच जिवाला दोन नावं पडली असतील तर आधीचं राहतं. नंतरचं पुसून टाकत नाहीत, पण ते आधीच्या नावाखाली बारीक अक्षरांत जाऊन बसतं आणि पुढे कुणी ते वापरत नाही. बोटीवरच्या डॉक्टराचा लेख सरांच्या लेखाहून साठ वर्षांनी जुना होता.

फरक म्हणावा असा एकच होता. डॉक्टराच्या माइटला गुडघ्यावरचा तो लांब केस नव्हता. केस गळून गेला तर मागे बारीक खळगा राहतो, तोही नव्हता. पण बाकी अंगभर काडीचा फरक नाही, आणि एखाद्या केसाच्या असण्या-नसण्यावर वेगळी जात उभी करू नये, हे तर माइटबाईंना सरांनीच शिकवलं होतं. “केसांवर विसंबू नका,” ते वर्गात सांगत, “माझेही होते,” आणि स्वतःच्या टकलावरून हात फिरवत. हसायची प्राज्ञा कुणाची नव्हती.

माइटबाईंनी कितीतरी दिवस कुणाजवळ ब्र काढला नाही. पेटी कपाटात ठेवली, बाहेर काढली, पुन्हा ठेवली. तशीच परत पाठवून द्यावी, कुणाला काय कळणार आहे, असंही एकदा मनात येऊन गेलं. पण ज्या माणसासाठी हे लपवायचं, त्यानेच तर त्यांना सांगितलं होतं, की मायक्रोस्कोपपाशी बसायचं तर नातीगोती बाहेर छत्रीजवळ ठेवून यायचं. शेवटी मासेवाल्यांच्या लक्षात आलं. चहाच्या वेळी त्यांनी विचारलं तेव्हा बाईंनी जे होतं ते सांगून टाकलं. मासेवाले कप खाली ठेवत म्हणाले, की सरांना कळायचंच आहे, तर छापून आल्यावर परक्याकडून कळण्यापेक्षा तुमच्या तोंडून कळू दे.

सर आणि काकू एका जुन्या इमारतीत तिसऱ्या मजल्यावर राहत. दार काकूंनी उघडलं. माइटबाई पन्नाशीला आल्या तरी काकूंच्या लेखी त्या अजून उपाशीच राहत असत, त्यामुळे आधी खाणं झालं, मग चहा झाला, मग शेजाऱ्यांच्या गळक्या नळाची गोष्ट झाली. काकूंसमोर विषय काढायला जीभ रेटेना. निघताना सर नेहमीप्रमाणे बसच्या थांब्यापर्यंत सोडायला आले. टायरच्या दुकानासमोर, एका चाकात हवा भरली जात असताना, माइटबाईंनी त्यांना सांगितलं.

सरांनी फक्त विचारलं, “गुडघ्यावरचा केस?”

“नाही, सर.”

“खळगा?”

“तोही नाही.”

“मग वेगळी आहे,” सर म्हणाले, आणि बसची वाट न बघता माघारी वळले.

दुसऱ्या दिवशी संग्रहालय उघडायच्या आधी ते दाराशी उभे होते. निवृत्त झाल्यापासून ते महिन्यातून एखादी चक्कर टाकत, आता रोज यायला लागले. डॉक्टराची माइट आणि आपली माइट, दोन्ही आलटून पालटून बघायचे. हात थरथरत असल्यामुळे स्लाइड सरकवताना वेळ लागे, पण मदत केलेली चालत नसे. रोज नवा मुद्दा निघे. डॉक्टराच्या माइटचे चिमटे जरा आखूड आहेत. माइटबाई मोजून दाखवत, की नाहीत. मग पाठीवरच्या ढालीची कड वेगळी वळते. माइटबाई म्हणत, की काचेखाली दाबली गेली की अशी वळतेच. सर ऐकून घेत, घरी जात, आणि सकाळी पुन्हा पहिल्यापासून सुरू करत. शिकवताना ज्या माणसाने कुणाच्याही लाडक्या मताची गय केली नव्हती, तो आता वकिलासारखा एकेका केसासाठी भांडत होता. माइटबाईंना बघवत नव्हतं.

एकदा न राहवून त्या म्हणाल्या, “सर, तुम्हीच सांगितलं होतंत, की एका केसावर…”

“मी काय सांगितलं ते मला माहीत आहे.” सर मायक्रोस्कोपपासून दूर झाले, चष्मा काढून पुसायला लागले. मग खालच्या आवाजात म्हणाले, “एकच केस आहे गं. तेवढा तरी धरू दे मला.”

माइटबाई पाणी आणायला म्हणून बाहेर गेल्या आणि बराच वेळ नळापाशी उभ्या राहिल्या.

तोडगा शेवटी सरांनीच काढला. त्यांच्याकडचे जुने नमुने सगळे मिळून तीनच होते, डॉक्टराचा तर एकच. एवढ्यावर भांडण्यात अर्थ नाही, आपली माइट निघाली त्याच किनाऱ्यावर जाऊन नवी वाळू काढू. भरपूर माइट काढायच्या आणि सगळ्यांचे गुडघे तपासायचे. केस सगळ्यांना असेल तर जात वेगळी, नाव राहिलं. काहींना असेल आणि काहींना नसेल तर मात्र दोन्ही एकच जात, प्रश्नच मिटला. माइटबाईंनी हे मान्य केलं. खरं तर कुणीही मान्य केलं असतं, इतकं ते रास्त होतं.

किनारा ओळखू येत नव्हता. मागे दगडी बांध घातला होता, त्यावर गाड्या उभ्या होत्या, आणि वाळूची रुंदी निम्म्याने कमी झालेली. ओहोटीची वेळ साधून दोघं खाली उतरले. सरांचे गुडघे वाकत नसल्याने माइटबाईंनी बादली उपडी घालून त्यांना बसायला दिली आणि स्वतः खणायला लागल्या. खालून पाणी झिरपू लागेपर्यंत खणायचं, मग त्या पाण्याच्या कडेची वाळू उचलायची, डब्यात समुद्राच्या पाण्यात ढवळायची आणि वरचं गढूळ पाणी बारीक चाळणीतून ओतायचं. चाळणीवर जे काय चिमूटभर राहतं ते अल्कोहोलच्या बाटलीत. सर बसल्या जागेवरून हुकूम सोडत होते. इथे नको, तिकडे सरक, एवढं जोरात ढवळू नकोस, पाय तुटतील त्यांचे. खूप दिवसांनी त्यांच्या आवाजाला धार आली होती. आपण पुन्हा विशीत आलो आहोत आणि आपलं सगळं चुकत आहे, असं माइटबाईंना वाटलं, आणि बरंही वाटलं. छत्री कुठे लावलेली असायची ती जागा दोघांनाही ठाऊक होती. तिकडे कुणी बघितलं नाही.

बाटल्या संग्रहालयात आल्यावर खरं काम सुरू झालं. चिमूटभर गाळ बशीत पसरायचा, भिंगाखाली चार केसांच्या कुंचल्याने एकेक माइट वेचायची, आम्लात पारदर्शक करायची, काचेवर बसवायची. वेचायचं काम माइटबाईंचं, गुडघे बघायचं सरांचं. पहिलीला केस होता, दोन्ही बाजूंना. दुसरीला होता. मग आणखी काही आल्या, त्यांनाही होता. सर दुपारचा डबा संपवायला लागले, मासेवाल्यांच्या विनोदांना हसायला लागले. एके दिवशी तर त्यांनी मासेवाल्यांना सुनावलं, की मासा हा अभ्यासाचा विषयच नव्हे, तो आंधळ्यालाही दिसतो. माइटबाईंनी कितीही मन आवरलं तरी त्यांना आशा वाटू लागली. आपण चुकलो असू, अशी आयुष्यात पहिल्यांदाच त्यांना इच्छा झाली.

त्याच वाळूत एक निराळीच माइटही निघाली. चपटी, बिनरंगाची, पाठीवर पंख्यासारखे पसरलेले केस. तिचा या गटाशी संबंध नव्हता, आणि पुस्तकं कितीही चाळली तरी तिला कुठे जोड मिळेना. अगदी नवी. एरवी असं काही हाती लागलं असतं तर माइटबाईंनी मजला डोक्यावर घेतला असता. त्यांनी तिची बाटली बाजूला ठेवली आणि पुन्हा गुडघ्यांकडे वळल्या.

मग एका दुपारी सर एकाच स्लाइडवर फार वेळ थांबले. त्यांनी मान वर केली, पुन्हा खाली घातली, प्रकाश कमी-जास्त केला. माइटबाई बशीत वेचत होत्या. कुंचला ठेवायचा धीर होईना.

“इकडे ये,” सर म्हणाले.

माइटबाईंनी बघितलं. पूर्ण वाढलेली मादी, कुठे मोडतोड नाही. डाव्या गुडघ्यावर लांब केस, चित्रात काढावा तसा. उजवा गुडघा गुळगुळीत. खळगासुद्धा नाही.

“डावीकडे आहे, उजवीकडे नाही,” सर म्हणाले. “एका अंगात दोन जाती राहत नाहीत.”

इतका वेळ ही स्लाइड एकट्या सरांनीच बघितली होती. त्यांनी ती उचलून बाजूच्या ट्रेमध्ये ठेवून दिली असती तर पृथ्वीच्या पाठीवर कुणाला कळलं नसतं. ती आपल्या हाती लागली असती तर आपण काय केलं असतं, हे माइटबाईंना त्या वेळीही सांगता आलं नसतं आणि पुढेही कधी सांगता आलं नाही.

सर खुर्चीत मागे टेकून बसले होते. बाहेर कुणीतरी कपाटं सरकवत होतं, त्याचा आवाज येत होता. तो थांबल्यावर ते म्हणाले, “लेख तुझा आहे. पण ती ओळ मी लिहीन.”

“सर, त्याची काय गरज…”

“नाव मी ठेवलं. काढायचं तर मीच काढणार.”

त्यांनी ती लिहिली. डॉक्टराचं नाव, त्याचं साल, आणि खाली स्वतः दिलेलं नाव आणि स्वतःचं आडनाव, आणि पुढे तीन-चार शब्द, की हे पहिल्याचंच दुसरं नाव आहे. अक्षर वाकडं आलं म्हणून तो कागद फाडला आणि पुन्हा लिहिली. मग टोपी घेतली आणि निघाले.

माइटबाई त्यांच्यामागे जिन्यापर्यंत धावल्या. त्यांनी सगळा विचार करून ठेवला होता. ती पंख्यासारख्या केसांची माइट वेगळ्या गटातली आहे, त्या गटात हे नाव कुणी वापरलेलं नाही, नियमाने देता येतं. सर, हिला कणीचं नाव देऊ या. ही खरोखर नवी आहे, सगळं धुंडाळून झालं आहे माझं.

सर कठड्याला धरून उभे राहिले. “नको,” ते म्हणाले. “माझंही धुंडाळून झालं होतं तेव्हा. पुन्हा कुणीतरी कुठेतरी एखादी जुनी पेटी उघडेल. एकदा झालं तेवढं पुरे.” दोन पायऱ्या उतरून ते थांबले. “पंख्यासारखे केस आहेत ना, तेच नाव ठेव. जे दिसतं ते.”

तसंच झालं. लेख छापून आला, नव्या माइटचं वर्णन आलं, चार ठिकाणांहून अभिनंदनाचे निरोप आले. सरांचं येणं मात्र बंद झालं. फोन काकूच उचलत आणि ते झोपलेत म्हणून सांगत. वेळ सकाळी दहाची असली तरी झोपलेले, संध्याकाळची असली तरी झोपलेले.

आणि मग एक दिवस काकू स्वतःच संग्रहालयात आल्या. सर नोकरीत होते तेवढ्या सगळ्या वर्षांत त्यांनी त्या इमारतीत पाऊल ठेवलं नव्हतं. वाटेत दोघा-तिघांना विचारत, पर्स पोटाशी धरून त्या शेवटच्या खोलीच्या दारात उभ्या राहिल्या आणि म्हणाल्या, “काय झालंय ते तू सांग. ते काही बोलायचे नाहीत.”

माइटबाईंनी स्टूल पुढे केलं आणि सांगितलं. आडवळणं न घेता, जितक्या साध्या शब्दांत सांगता येईल तितक्या. डॉक्टर, केस, नियम, आणि ती डाव्या-उजव्याची माइट. काकू फक्त शेवटी म्हणाल्या, “म्हणजे आता तिला त्या नावाने कुणी हाक मारणार नाही.”

“पुस्तकात राहील, काकू. बारीक अक्षरांत, पण राहील.”

“पुस्तकाचं मी काय करू?” काकूंच्या आवाजात राग नव्हता. त्या पर्सची कडी उघड-मीट करत होत्या. “ती गेल्यापासून ह्यांनी घरात तिचं नाव घेतलेलं नाही. मी काढलं की उठून आत जातात. मग मीही सोडून दिलं. पण माइटबद्दल विचारायला कुणा लांबच्या माणसाचा फोन आला ना, की बोलताना ते नाव यायचं. कणिए, कणिए. दहादा यायचं. मी स्वयंपाकघरातला नळ बंद करायचे, ऐकू यावं म्हणून.” त्या थांबल्या. “वर्षातून तीन-चारदा तरी यायचा गं फोन.”

माइटबाई उठल्या, खिडकी लावली, पुन्हा उघडली. काय करावं ते न सुचून त्यांनी विचारलं, बघायची आहे का तुम्हाला. काकूंनी आधी मानेने नाही म्हटलं, मग स्टूल पुढे ओढलं. कितीतरी वेळ त्यांना स्वतःच्या पापण्यांखेरीज काहीच दिसेना. डोळा जरा मागे घ्या, जरा बाजूला, असं करता करता एकदाची त्यांना ती दिसली. आठ पाय पसरलेली, काचेसारखी, कणीच्या चाळणीतून निघालेली.

“एवढीशी,” काकू म्हणाल्या. बऱ्याच वेळाने डोळा काढला आणि म्हणाल्या, की मला वाटायचं, ह्यांचं माझ्यापेक्षा हिच्यावर जास्त प्रेम आहे. मी उगीचच डूख धरून होते.

त्यानंतरच्या रविवारी माइटबाई सरांच्या घरी गेल्या, बोलावणं नसताना. या खेपेला सर झोपलेले नव्हते. खुर्चीत पेपर उघडून बसले होते, पण पानं उलटत नव्हते. तब्येतीची चौकशी झाली. नव्या माइटवर कुणाकुणाचं काय म्हणणं आलं ते सांगून झालं, त्यावर सरांनी नुसतं हुं केलं.

माइटबाईंनी घरून ठरवून आणलं नव्हतं. त्या काकूंकडे वळल्या आणि म्हणाल्या, “काकू, कणीने एकदा माइट कशी राहते ते करून दाखवलं होतं. तुम्हाला माहीत आहे का?”

सर उठले. पेपर खुर्चीवर ठेवला आणि आतल्या खोलीत गेले. दार लोटल्याचा आवाज आला. माइटबाई ओशाळल्या.

काकू दाराकडे न बघता म्हणाल्या, “नाही माहीत. तू सांग.”

मग त्यांनी सांगितलं. कणीने एकदा विचारलं, की लाट आली की माइट वाहून कशा जात नाहीत. सर म्हणाले, त्या कणाला घट्ट मिठी मारून बसतात, काही झालं तरी सोडत नाहीत. झालं. घरी निघायच्या वेळी कणीने सरांच्या पायाला मिठी मारली, त्यांच्या बुटावर बसली आणि म्हणाली, मी माइट आहे, मी सोडणार नाही. ऊन उतरलं होतं, बसची वेळ झालेली, सर रागावले, डोळे वटारले, काही उपयोग नाही. शेवटी तसेच चालायला लागले. एक पाय उचलायचा, एक पाय कणीसकट ओढायचा. सगळा किनारा हसत होता. आणि सरांच्या दोन्ही हातांत ओल्या वाळूच्या दोन भरलेल्या बादल्या, त्यामुळे तिला सोडवणार तरी कसे?

काकूंनी पदराचं टोक तोंडावर धरलं होतं. त्या हसत होत्या की काय ते नीट कळत नव्हतं. तीस वर्षांत मुलीची एकही नवी गोष्ट त्यांच्या कानावर आली नव्हती.

आतून आवाज आला. दार उघडलं नव्हतं, पण सर दाराला अगदी लागून उभे असणार, कारण शब्द स्पष्ट ऐकू आले.

“बादल्या दोन नव्हत्या. एकच होती. दुसऱ्या हाताने मी तिचा दंड धरला होता, पडू नये म्हणून.”

काकूंनी पदर खाली घेतला, खुर्चीतल्या खुर्चीत दाराकडे वळल्या आणि लोटलेल्या दाराला विचारलं, “मग? बसपर्यंत तशीच आली का कणी?”